माणसे टिकतील तर शुश्रूषा टिकेल

बदलापूर स्थानकाच्या पश्चिमेस असलेले बेलवली हे मूळचे एक लहानसे खेडे. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत ते सामावले गेले, भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि गावठाणाचा पत्ता विचारणारे कमी झाले. २००१ च्या जनगणनेत या नगरपरिषदेची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि त्यानंतरच्या वाढीचा अंदाज सकाळच्या लोकलमधील गर्दी पाहून कोणालाही करता येईल. मुंबईत घर परवडत नाही म्हणून तरुण कुटुंबे येथे आली. त्यांच्या मागोमाग गिरगाव-परळची खोली विकून आलेले निवृत्त शिक्षक, रेल्वेचे कर्मचारी, बँकांतील कारकून आणि अंबरनाथच्या आयुध निर्माणीत आयुष्य घालवलेले कामगारही आले. पुढे मुलांच्या नोकऱ्या पुण्या-बंगळूरला किंवा परदेशात गेल्या आणि आईवडील येथेच राहिले. बदलापूरपासून वांगणी, नेरळ, कर्जतपर्यंतच्या पट्ट्यात वृद्धाश्रमांच्या आणि वृद्ध रुग्णांना ठेवून घेणाऱ्या शुश्रूषागृहांच्या पाट्या दिसू लागल्या, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

या पाट्यांवर आणि जाहिरातींत काय असते? हवेशीर खोल्या, चोवीस तास पाणी, शुद्ध शाकाहारी जेवण, डॉक्टरांची साप्ताहिक भेट, डोंगराचा देखावा आणि अलीकडे प्रत्येक मजल्यावर कॅमेरा. यांतील एकही गोष्ट टाकाऊ नाही. परंतु ज्या एका गोष्टीवर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सुखदुःख सर्वाधिक अवलंबून असते तिचा उल्लेख कोठेही नसतो. येथे काम करणाऱ्या आया, मामा आणि परिचारिका किती महिन्यांपासून येथे आहेत, हा प्रश्न पाटी लावणाऱ्याला सुचत नाही आणि आईवडिलांना दाखल करणाऱ्यालाही सुचत नाही. सेवकवर्गाचे स्थैर्य ही व्यवस्थापनाची अंतर्गत बाब आहे, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. हे गृहीतच चुकीचे आहे.

ओळखीचे मोल

शाळेचे उदाहरण घेतले तर मुद्दा चटकन ध्यानात येईल. एका वर्गाला वर्षात चार वेळा नवा शिक्षक मिळाला, तर प्रत्येक शिक्षक उत्तम पदवीधर असूनही त्या वर्गाचे नुकसान होते, हे कोणत्याही पालकाला सांगावे लागत नाही. कोणता मुलगा गणितात अडतो, कोणाच्या घरी वडील आजारी आहेत, कोण उत्तर येत असूनही हात वर करीत नाही, हे ज्ञान पदवीबरोबर येत नाही. ते सहवासाने येते आणि शिक्षक बदलला की त्याच्याबरोबर निघून जाते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना याचा अनुभव पुरेपूर आहे.

शुश्रूषेत हे अधिक तीव्रतेने खरे आहे. स्वतः कुशीवर वळू न शकणाऱ्या रुग्णाला साधारणतः दर दोन तासांनी वळवावे लागते. तसे झाले नाही तर माकडहाडापाशी किंवा टाचेवर आधी नुसती लाली दिसते, मग कातडी फाटते आणि मग ज्याला रुग्णालयात सर्रास बेडसोर म्हणतात ती जखम होते. ही लाली कालची की आजची, हे काल तेथे असलेल्या बाईलाच कळते. वृद्धांमध्ये मूत्रमार्गाच्या संसर्गाचे पहिले लक्षण पुष्कळदा ताप हे नसते. माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो किंवा जेवणातून लक्ष काढून घेतो. नव्या आयेला वाटते, आजोबा असेच असतील. जुनी आया परिचारिकेला सांगते, ‘आज बाबांचे काहीतरी वेगळे आहे.’ या एका वाक्याने एखादा मृत्यू टळू शकतो. आणि कोणत्याही यंत्राला हे वाक्य उच्चारता येत नाही.

अर्धांगवायू झालेल्या माणसाला कोणत्या बाजूने घास भरवावा, पातळ चहाने कोणाला ठसका लागतो, रात्री अडीचला शौचास उठण्याची सवय कोणाला आहे आणि त्या वेळी दिवा कोठे हवा, गोळी चुरून कोणाला द्यायची आणि कोणती गोळी चुरायची नाही, अशा शेकडो बारकाव्यांचे मिळून शुश्रूषा हे काम बनते. यांतील काही बारकावे वहीत लिहिता येतात आणि लिहिले पाहिजेत. पण बहुतेक गोष्टी हातात आणि डोळ्यांत साठतात.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे तर सगळेच ओळखीवर चालते. भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मांडला गेला. अशा रुग्णाला नाव आठवत नाही. पण रोजचा आवाज, रोजचा स्पर्श ओळखीचा वाटतो. त्याला अनोळखी बाईने आंघोळीसाठी कपडे उतरवावयास सांगितले तर तो घाबरतो, ओरडतो, हात उगारतो. मग त्याच्या नावापुढे ‘त्रास देतो’ असा शेरा पडतो. त्यानंतर कोठे हात बांधले जातात, कोठे झोपेची गोळी वाढते. रुग्णाचा आजार तोच असतो. बदललेली असते ती केवळ समोरची व्यक्ती.

मोजणाऱ्यांनी काय पाहिले

हे केवळ भावनेने म्हणायचे कारण नाही. जेथे मोजमाप झाले तेथे त्याला आधार मिळाला आहे. अमेरिकेत शुश्रूषागृहांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची नोंद पगारपत्रकांवरून केंद्र सरकारला द्यावी लागते. या नोंदींवरून अश्विन गांधी, हुईझी यू आणि डेव्हिड ग्रॅबोव्स्की या संशोधकांनी २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात २०१७-१८ मधील परिचर्या कर्मचाऱ्यांच्या उलाढालीचे सरासरी वार्षिक प्रमाण सुमारे १२८ टक्के आढळले. मध्यक घेतला तरी तो ९४ टक्के होता. म्हणजे शंभर जागा असलेल्या संस्थेत वर्षभरात जवळजवळ शंभर माणसे सोडून गेली, असा त्याचा ढोबळ अर्थ. सरकारी गुणवत्ता मानांकनात ज्या संस्था खालच्या पायरीवर होत्या तेथे हे प्रमाण अधिक होते. जानेवारी २०२२ पासून अमेरिकी सरकारने प्रत्येक शुश्रूषागृहाचे हे आकडे नागरिकांना पाहण्यासाठी खुले केले. पलंग किती आणि परिचारिका किती, एवढेच विचारून भागत नाही, ती परिचारिका टिकते का, हेही विचारले पाहिजे, याची ही अधिकृत कबुली होती.

कोविडच्या साथीने याची दुसरी बाजू दाखविली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वृद्धनिवासांतील अनेक कर्मचारी अपुऱ्या पगारामुळे दोन-तीन ठिकाणी अर्धवेळ काम करीत आणि त्यांच्याबरोबर संसर्गही फिरत असे. २०२० च्या वसंतात तेथील सरकारने एका कर्मचाऱ्याने एकाच संस्थेत काम करावे, असा आदेश काढला आणि त्यासाठी वेतनाची पातळीही सावरली. नुसता आदेश काढून माणूस टिकत नाही, त्याला टिकणे परवडले पाहिजे, हे तेथील राज्यकर्त्यांना साथीच्या धसक्याने का होईना उमगले.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक शंका घ्यावीच लागते. माणसे सोडून जातात म्हणून सेवा बिघडते, की सेवा आणि व्यवस्थापन आधीच बिघडलेले असते म्हणून माणसे सोडून जातात? प्रामाणिक उत्तर असे की दोन्ही घडते आणि एक दुसऱ्याला ओढत नेते. पाच जणींचे काम तिघींवर पडले की त्या तिघींतील सर्वांत समर्थ बाई प्रथम दुसरीकडे काम शोधते. उरलेल्या दोघींवर आणखी भार येतो. पण या शंकेमुळे मूळ मुद्दा दुबळा होत नाही. उलाढाल हे कारण असो वा लक्षण, ज्या घरातून माणसे सारखी निघून जातात त्या घरात आपला माणूस ठेवू नये, हा निष्कर्ष दोन्ही परिस्थितींत तोच राहतो.

बाहेर पडण्याचा हक्क कोणाला?

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक विचार मांडला. एखाद्या संस्थेची सेवा घसरू लागली की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा तक्रार करणे. हॉटेलातील भाजी बिघडली तर आपण दुसऱ्या हॉटेलात जातो. नगरपरिषदेचे पाणी बिघडले तर मोर्चा नेतो. शुश्रूषागृहातील वृद्धापाशी यांपैकी काय आहे? त्याला उठून जाता येत नाही. तक्रार करावी तर वाचा गेलेली असते, किंवा मुलगा रविवारी दहा मिनिटे येतो तेव्हा त्याच्यासमोर बोलण्याचे धैर्य नसते, कारण सोमवारी त्याच हातांनी जेवायचे असते. मुलगा पैसे देतो, पण सेवा त्याला मिळत नाही. जिला सेवा मिळते ती आई पैसे देत नाही. ज्या बाजारात पैसे देणारा आणि सेवा घेणारा वेगळे असतात तेथे गुणवत्तेची पारख आपोआप होईल, ही आशा फोल असते.

त्या चार भिंतींत बाहेर पडण्याचा हक्क उरतो तो एका व्यक्तीला: आयेला. तीच सर्व पाहते आणि तिलाच दार मोकळे आहे. म्हणूनच ती वारंवार निघून जात असेल, तर तिचे जाणे ही त्या मुक्या रुग्णाच्या वतीने नोंदवली गेलेली तक्रार समजावी. ती आपण वाचत नाही, एवढेच.

ती का जाते, याचा शोध घेण्यास फार दूर जावे लागत नाही. या पट्ट्यात हे काम करणाऱ्या कित्येक स्त्रिया वांगणी, शेलू, नेरळकडून लोकलने येतात किंवा आसपासच्या पाड्यांतून पायी येतात. पाळी बहुधा बारा तासांची. कित्येकींची नेमणूक संस्थेकडून होत नाही, ब्युरोमार्फत होते. ब्युरो आपले कमिशन कापून घेतो आणि पाहिजे तेव्हा बाईला दुसऱ्या घरी पाठवतो. साप्ताहिक सुटी म्हणजे बहुधा बिनपगारी खाडा. पावसाळ्यात उल्हास नदी फुगते, लोकल थांबते, बेलवलीच्या भुयारी मार्गात पाणी भरते. २६ जुलै २००५ चा महापूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस या भागातील लोक विसरलेले नाहीत. अशा दिवशी रात्रपाळीची बाई येऊ शकत नाही आणि दिवसपाळीची बाई चोवीस तास उभी राहते. दुसऱ्या दिवशी न आलेलीचा खाडा कापला जातो आणि राहिलेलीला जादा वेळेचे पैसे मिळतीलच असे नाही. दोघीही काम सोडण्याचा विचार करू लागतात. पाचशे रुपये अधिक देणारे घर डोंबिवलीत सापडले की ती जाते. आणि तिला कृतघ्न ठरविणे आपल्याला सोपे जाते.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. आज जी पिढी या पलंगांवर पडून आहे ती कायम नोकरीची पिढी आहे. कायम होणे म्हणजे काय, याचा अर्थ तिला पुरता ठाऊक होता. त्यासाठी तिने संप केले, सेवापुस्तके जपली, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पिशवीत घालून कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. तिच्या आयुष्याचा शेवटचा काळ मात्र जिच्यापाशी नेमणूकपत्रसुद्धा नाही अशा स्त्रीच्या हातांत आहे. आपल्याला स्थैर्य हवे आणि आपली सेवा करणारा मात्र स्वस्त व बदलता असला तरी चालेल, या मध्यमवर्गीय व्यवहाराचे हे फलित आहे.

हिशेब मांडून पाहू

‘हे सगळे खरे, पण खर्च कोण करणार?’ असा प्रश्न संस्थाचालक विचारतील आणि तो रास्त आहे. तेव्हा एक कल्पित हिशेब मांडून पाहू. समजा, एका घरात वीस वृद्ध आणि सहा आया आहेत. आयेचे वेतन महिना १२,००० रुपये आहे. वर्षात बारा जणी सोडून जातात. प्रत्येक नव्या बाईमागे ब्युरोला अर्ध्या महिन्याचा पगार, म्हणजे ६,००० रुपये द्यावे लागतात. आणि पहिल्या पंधरवड्यात तिचे निम्मे काम वाया जाते असे धरले, तर आणखी ३,००० रुपये. एका बदलाची किंमत ९,००० रुपये झाली. आता प्रत्येकीचे वेतन ३,००० रुपयांनी वाढविले, तर वर्षाचा जादा खर्च २,१६,००० रुपये होईल. त्यामुळे सोडून जाणाऱ्यांची संख्या बारावरून चारवर आली, तर ७२,००० रुपये वाचतील. निव्वळ भार उरला १,४४,००० रुपयांचा. वीस जणांत वाटला तर तो दरमहा प्रत्येकी ६०० रुपये, म्हणजे दिवसाला २० रुपये होतो. एका वडापावाच्या आसपासची ही रक्कम आहे. आणि टळलेल्या जखमा, वाचलेली औषधे, चुकलेल्या रुग्णालयाच्या फेऱ्या यांची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही.

वेतन वाढवून माणसे टिकविणे ही दानधर्माची कल्पना नाही. हेन्री फोर्डच्या मोटारीच्या कारखान्यात १९१३ मध्ये कामगारांच्या उलाढालीचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले होते. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर मिळकतीची आणि आठ तासांच्या पाळीची घोषणा केली आणि उलाढाल झपाट्याने उतरली. फोर्ड काही संत नव्हता. त्याला हिशेब येत होता. मोटारीचा सांगाडा बनविणाऱ्या कामगाराचे टिकणे जर एवढे मोलाचे, तर माणसाचे अंग पुसणाऱ्या स्त्रीचे टिकणे किती मोलाचे मानावे?

अर्थात फोर्डला एक सवलत होती, ती शुश्रूषागृहाला नाही. मोटारी अधिक वेगाने बनविता येतात. आजीला अधिक वेगाने जेवू घालता येत नाही. विल्यम बॉमोल याने १९६० च्या दशकात दाखवून दिले की ज्या कामात उत्पादकता वाढत नाही त्याची तुलनात्मक किंमत वाढतच जाते. शुश्रूषा महाग होत जाणार, हे टाळता येणार नाही. ती महागाई वेतनातून प्रामाणिकपणे द्यायची, की ती दडपून रुग्णाच्या जखमांतून द्यायची, एवढाच पर्याय आपल्या हाती आहे. आणि ज्या कुटुंबाला रोजचे २० रुपयेही जड आहेत त्याच्यासाठी सरकारने पुढे आले पाहिजे. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची कल्पना राज्यांपुढे ठेवली होती. ठाण्यासारख्या लोकवस्तीच्या जिल्ह्याला दीडशेचा आकडा किती पुरेल, हे सांगण्यास गणिताची गरज नाही.

दुसरा आक्षेप असा की टिकलेला नोकर मुजोर होतो. यातही तथ्य आहे. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेला उद्धट कर्मचारी सरकारी कचेरीत सर्वांनी पाहिला आहे. स्थैर्य म्हणजे अभय नव्हे. वाईट वागणाऱ्याला काढून टाकण्याची मुभा असलीच पाहिजे. परंतु आज होते ते उलटेच: चांगली असते ती जाते, कारण तिला दुसरीकडे मागणी असते, जिला कोठेच मागणी नाही ती राहते. देखरेखीचा अभाव आणि अस्थिरता ही एकमेकांवरची औषधे नव्हेत.

कायद्याच्या फटी

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याच्या तक्रारीवरून कंत्राटी पद्धतीने नेमलेल्या एका सफाई कर्मचाऱ्याला अटक झाली आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली. त्या घटनेवरून कंत्राटी कामगार म्हणजे गुन्हेगार, असा निष्कर्ष काढणे हा हजारो कष्टकऱ्यांवरचा अन्याय होईल. पण त्या दिवशी या शहराने एक प्रश्न मोठ्याने विचारला होता: ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याजवळ आपण कोणाला ठेवतो, आणि त्यांना कोण ओळखते? हा प्रश्न बालकांपुरता नाही. अंथरुणावरील वृद्ध आणि बालवर्गातील मूल यांच्या असहायतेत फारसे अंतर नसते.

कायदा याबाबत काय म्हणतो? मुंबई इलाख्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आजही महाराष्ट्रात नव्या नावाने चालू आहे. त्याच्या व्याख्येत आजारी व जखमी यांच्याबरोबर दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा करणारी जागाही येते. तरीही स्वतःला ‘वृद्धाश्रम’ म्हणविणारी आणि प्रत्यक्षात नळी घातलेले रुग्ण सांभाळणारी घरे या कायद्याच्या आत की बाहेर, याविषयी सोयीस्कर संदिग्धता राहते. वृद्धनिवासांची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली.

परिचारिकांच्या वेतनाची कथाही अशीच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. केरळने परिचारिकांच्या संघटित लढ्यानंतर २०१८ मध्ये खासगी रुग्णालयांसाठी तेवढे किमान वेतन जाहीर केले. इतरत्र ती बव्हंशी शिफारसच राहिली. आणि आया-मामांचा तर त्या शिफारशीत विचारही नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. ग्रॅच्युइटी म्हणजे टिकून राहण्याला कायद्याने लावलेली किंमत. पण ती लागू होते दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना. सहा आयांच्या घरात दहा वर्षे राबलेल्या बाईच्या निष्ठेची कायद्याच्या लेखी किंमत शून्य आहे.

काय करता येईल

मोठ्या सुधारणांची वाट पाहावी लागेल. काही लहान गोष्टी मात्र उद्यापासून शक्य आहेत. महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांनी सेवांचे दर आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असे २०२१ च्या सुधारित नियमांनी सांगितले आहे. त्याच भिंतीवर आणखी तीन ओळी लिहिण्याची सक्ती करावी: सेवक किती, त्यांतील एक वर्षाहून अधिक काळ असलेले किती आणि गेल्या वर्षात सोडून गेलेले किती. याला पैसा लागत नाही. नोंदणीचे नूतनीकरण करणाऱ्या अधिकाऱ्याने अग्निशमनाच्या दाखल्याबरोबर बारा महिन्यांचे हजेरीपट पाहावेत. नावे दर महिन्यास बदलत असतील तर त्या घराला अधिक वेळा भेट द्यावी.

संस्थाचालकांनी ठरावीक आयेकडे ठरावीक रुग्ण द्यावेत. आज या मजल्यावर, उद्या त्या मजल्यावर ही पद्धत बंद करावी. पाळीची वेळ लोकलच्या वेळेशी जुळवून घ्यावी, पगार ठरलेल्या तारखेस द्यावा, साप्ताहिक सुटी पगारी असावी आणि पुराच्या रात्री अडकलेल्या बाईला झोपण्यास एक खोली असावी. ब्युरोला जाणारे कमिशन बाईच्याच हाती पडले, तर वेतनवाढीचा काही भाग न वाढवताच वाढेल.

आणि कुटुंबांनी? आईला दाखल करण्यापूर्वी फरश्या पाहून झाल्या की एका आयेला बाजूला घेऊन विचारावे, ‘मावशी, तुम्ही इथे किती दिवस आहात?’ दोन महिन्यांनी पुन्हा गेल्यावर तीच मावशी भेटते का, ते पाहावे. ज्येष्ठ नागरिक संघांनी एकादशीच्या भजनाबरोबर आसपासच्या वृद्धनिवासांना महिन्यातून एक भेट हा कार्यक्रम ठेवला, तर ज्यांना मुले नाहीत त्यांनाही कोणी विचारणारे मिळेल.

१९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा परक्या माणसाचे अंग पुसणे हे हलके काम मानले जात होते. त्या कामाला प्रतिष्ठा देण्यासाठी त्या पिढीने समाजाचा रोष पत्करला. शतकानंतर परिचारिकेच्या वाट्याला थोडी प्रतिष्ठा आली; तिच्या हाताखालच्या आयेपर्यंत मात्र ती पोचलीच नाही. आज बेलवलीतील एखाद्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर रात्री अडीच वाजता एक निवृत्त शिक्षक उठून बसतो आणि अंधारात चप्पल चाचपतो. त्या वेळी दिवा लावणारा हात त्याची सवय जाणणारा असेल, तर तो सुखरूप अंथरुणाशी परत येईल. तो हात काल रात्री नव्याने आलेला असेल, तर कदाचित येणार नाही. या दोहोंमधले अंतर दिवसाला वीस रुपयांचे आहे.